मानकुरादाच्या पेटीवर क्यूआर कोड लावण्यापूर्वी

शिगमा म्हणजे होळीचा सण सरला की गोव्याच्या बाजारात मानकुराद आंब्याच्या पेट्या वाढू लागतात. मागोमाग काजूगर येतात, मग कोकम, आणि मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी सुरू होते. आपल्या बागायतदारांचं वर्षाचं गणित या दोन-तीन महिन्यांवर बसतं. हल्ली पेटीवर, पाकिटावर क्यूआर कोड लावायची पद्धत आली आहे. ती चांगलीच आहे. पण बहुतेक कोड स्कॅन केले की नुसतं फेसबुकचं पान उघडतं, तेही गेल्या वर्षीच्या फोटोंचं. गिऱ्हाईक एकदा स्कॅन करतं. हाती काही लागलं नाही तर दुसऱ्यांदा फोन काढत नाही.

म्हणून छपाईला देण्याआधी एकच ठरवा: पेटी घरी नेलेल्या माणसाला नेमकं काय हवं असेल? माझ्या अनुभवात त्याला दोन गोष्टी हव्या असतात. आंबा कधी खायचा, आणि पुन्हा हवा झाल्यास कोणाला सांगायचं. तेव्हा कोडमागच्या पानावर तोडणीची तारीख, बाग कोणत्या गावातली, देठासकट काढला की नाही, पेंढ्यात किती दिवस ठेवायचा आणि पिकला हे कसं ओळखायचं एवढं लिहा. खाली व्हॉट्सॲपचं बटण द्या. दर मात्र छापू नका, तो रोज बदलतो. पान मराठीत असावंच, शिवाय पर्यटकांसाठी चार ओळी इंग्रजीत द्या. फोटो दोन पुरेत. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या भागात रेंज कमी असते, तिथे जड पान उघडतच नाही.

व्हॉट्सॲपची थेट लिंक करताना क्रमांकाआधी ९१ लावा, शून्य किंवा अधिकचं चिन्ह नको. ‘मला मानकुराद हवा आहे, किती डझन ते कळवतो’ असा मजकूर आधीच भरून ठेवता येतो. गिऱ्हाइकाला फक्त पाठवायचं बटण दाबावं लागतं. हा एवढा बदल केल्यावर माझ्याकडे येणारे निरोप खरोखरच वाढले.

आता सर्वांत महत्त्वाचं. कोड दोन प्रकारचे असतात. स्थिर कोडमध्ये लिंक कोडातच कोरलेली असते. तो कधी मुदतीने बंद पडत नाही, पण छापल्यावर बदलताही येत नाही. बदलता येणारा कोड मधल्या एखाद्या कंपनीच्या लिंकवरून जातो. पत्ता नंतर बदलता येतो, किती जणांनी स्कॅन केलं ते कळतं, पण वर्गणी संपली की कोड मेला. दोन वर्षांपूर्वी मी फुकट मिळालेला असा कोड पेट्यांवर छापला आणि ऐन मे महिन्यात त्याची मुदत संपली. शेकडो पेट्या लोकांच्या घरी गेलेल्या, स्कॅन केलं की जाहिरात दिसायची. ते दिवस आठवले की अजून जीव तुटतो. तेव्हापासून मी स्थिर कोडच वापरतो. तो स्वतःच्या पानाकडे नेतो, आणि पानावरचा मजकूर मला हवा तेव्हा बदलता येतो.

छपाईचं थोडक्यात सांगतो. पांढऱ्यावर काळा कोड, आणि चारही बाजूंना कोडातल्या सर्वांत बारीक चार चौकोनांइतकी कोरी जागा. पाकिटावर दोन सेंटीमीटरपेक्षा लहान नको. लांबून स्कॅन व्हायचा तर अंतराचा दहावा भाग धरा: एक मीटरवरून दहा सेंटीमीटर. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव कंपनीने गाड्यांच्या सुट्या भागांसाठी काढला. कारखान्यातल्या तेलामळातही तो वाचता यावा म्हणून त्यात दुरुस्तीची सोय ठेवलेली आहे. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो चालतो. आंब्याचा चीक आणि ओला पेंढा पाहता पेट्यांसाठी हीच पातळी निवडा. मात्र तिने कोड दाट होतो, म्हणून लिंक आखूड ठेवा. काजूच्या चकचकीत पाकिटावर उजेड चमकतो, तिथे बिनचकाकीचं लेबल लावा. हमरस्त्यावरच्या मांडवाला कोडपेक्षा मोठ्या अक्षरातला फोन नंबर जास्त उपयोगी, धावत्या गाडीतून कोणी स्कॅन करत नाही.

पैसे घेण्याचा यूपीआयचा कोड वेगळा ठेवा आणि त्यावर ‘पैसे येथे’ असं स्पष्ट लिहा. रोज सकाळी त्यावर कोणी दुसरा स्टिकर चिकटवला नाही ना, हे स्वतः स्कॅन करून नाव वाचून पाहा. फोनवर पन्नास डझनांची ऑर्डर देऊन ‘आगाऊ रक्कम घ्यायला हा कोड स्कॅन करा’ म्हणणारे भेटतील. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही घालावा लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि दुकानावर बसणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

कोड आहे म्हणून लेबल कोरं ठेवून चालत नाही. काजूगर, आमसुलं, लोणचं यांच्या पाकिटावर वजन, तारीख आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक छापलेलाच हवा. मानकुरादाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं चिन्ह नोंदणीकृत वापरकर्त्यानेच लावायचं. नोंदणी झाली असेल तर पानावर ती जरूर दाखवा. मानकुराद म्हणून भलताच आंबा गळ्यात मारला जात असताना खऱ्या बागायतदाराला याचा मोठा आधार आहे.

पहिल्या पावसात आंबा संपला की पान तसंच सोडू नका. ‘यंदाचा हंगाम संपला, आता आमसुलं आणि कोकमाचं आगळ उपलब्ध’ असं लिहा. चतुर्थीच्या आधी तेच पान माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानासाठी वापरा: सुपारीची शिपटं (घोस), नारळांचे घोस, केळ्यांचे घड. मे महिन्यातली रिकामी पेटी तोवर कोणाच्या तरी माळ्यावर असेलच, कोडही तिच्यावर तसाच असेल.