घराची अलार्म यंत्रणा स्वतः बसवताना

तारांशिवाय चालणारी अलार्म यंत्रणा बसवायला कारागीरच हवा असे नाही. ड्रिल, स्क्रू-ड्रायव्हर, मोजपट्टी आणि एक मोकळी दुपार एवढ्यावर काम भागते. खरी कसोटी लागते ती कोणता सेन्सर कुठे लावायचा हे ठरवताना, कारण विनाकारण वाजणाऱ्या अलार्मला घरातली माणसे लवकरच कंटाळतात, तो बंद करून ठेवतात आणि मग यंत्रणा असून नसल्यासारखी होते.

म्हणून भिंतीला भोक पाडण्याआधी कागदावर घराचा कच्चा नकाशा काढावा आणि जमिनीवरून, गच्चीवरून किंवा पाइपाच्या आधाराने जिथे पोचता येईल अशा सर्व दारा-खिडक्यांवर खूण करावी. तिथे चुंबकाचे सेन्सर लागतील. आत शिरलेल्या माणसाला जी जागा ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, उदाहरणार्थ जिना किंवा खोल्यांना जोडणारा बोळ, तिथे हालचाल टिपणारा सेन्सर हवा. मुख्य पॅनल, म्हणजे सगळ्या सेन्सरांचे संदेश घेऊन अलार्म वाजवणारा डबा, दारातून दिसणार नाही अशा आतल्या जागी, पण लोखंडी कपाटापासून दूर ठेवावा, कारण धातूमुळे रेडिओ संदेश अडतो.

सगळे सेन्सर आधी टेबलावरच पॅनलशी जोडून घ्यावेत आणि प्रत्येकाला ‘मागचे दार’, ‘जिना’ अशी नावे द्यावीत. रात्री दोन वाजता ‘झोन ४’ म्हणजे नेमके काय, हे कोणालाही आठवत नाही. कंपनीने दिलेला मूळ संकेतांकही याच वेळी बदलावा.

दाराच्या सेन्सरमध्ये बहुधा काचेची बारीक नळी असते आणि तिच्यात धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळ असेपर्यंत त्या एकमेकींना चिकटलेल्या राहतात. दार उघडले, चुंबक दूर गेला, की त्या सुटतात आणि पॅनलला संदेश जातो. बॅटरीचा भाग चौकटीवर आणि चुंबक दारावर, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला वरच्या कोपऱ्यात लावावा. दोहोंमधले अंतर माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेपेक्षा बरेच कमी ठेवावे, कारण दमट हवेत लाकूड फुगते, दार थोडे खालीही बसते, आणि कडेवरच्या मापाने लावलेला सेन्सर मग कारण नसताना बोंब मारतो. दार लोखंडी असेल तर चुंबकाखाली प्लॅस्टिकचा जाड तुकडा घालावा, कारण लोखंड चुंबकाचा प्रभाव आपल्याकडे ओढून घेते. दुतर्फी टेप वापरायची असेल तर पृष्ठभाग आधी स्पिरिटने पुसून घ्यावा. रंगाचे पापुद्रे निघत असतील तिथे मात्र स्क्रूच मारावेत. काच फोडून कोणी आत आले, तर खिडकी न उघडल्यामुळे हा सेन्सर गप्पच राहतो. त्यासाठीच आतला दुसरा पहारा लागतो.

तो दुसरा पहारा म्हणजे अंगाच्या उष्णतेतून निघणारे अवरक्त किरण ओळखणारा सेन्सर. त्याच्या समोरून आडवे जाणारे माणूस तो चटकन पकडतो, सरळ त्याच्या दिशेने येणारे उशिरा. त्यामुळे तो दारासमोर न लावता कोपऱ्यात, साधारण २ ते २.४ मीटर उंचीवर, येणाऱ्याची वाट आडवी पडेल असा लावावा. उन्हाची खिडकी, हीटर किंवा एसीचा झोत त्याच्या समोर नसावा. पाळीव प्राण्यांना न जुमानणारे सेन्सर मिळतात, पण मांजर कपाटावर चढली की तो भरवसा संपतो. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच बिनतारी सेन्सर एकदा हालचाल टिपल्यावर काही मिनिटे झोपतात. चाचणी मोड न लावता तपासणारे अनेक जण त्यांना बिघडलेले समजतात.

सायरन हात सहज पोचणार नाही इतका उंच लावावा. अलार्म चालू करून बाहेर पडण्यासाठी ४५ ते ६० सेकंद आणि आत येऊन संकेतांक दाबण्यासाठी ३० सेकंद पुरतात, मात्र ही सवलत फक्त मुख्य दाराला द्यावी. रात्रीच्या मोडमध्ये दारे-खिडक्या जाग्या आणि आतले हालचालीचे सेन्सर बंद असावेत. रिमोट घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुडगा हरवला तर दार आणि अलार्म दोन्ही एकदमच परक्याच्या हाती जातात.

शेवटी शेजाऱ्यांना आधी सांगून पूर्ण चाचणी घ्यावी. प्रत्येक दार हळूहळू उघडून किती फटीला संदेश जातो ते पाहावे, फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर सूचना येते का ते तपासावे आणि पॅनलचा प्लग काढून तो राखीव बॅटरीवर चालतो याची खात्री करावी. वीज जाताच राउटर बंद पडत असेल, तर इंटरनेटवरून येणारी सूचनाही थांबते. अशा घरात सिम कार्डाची सोय असलेला पॅनल घ्यावा किंवा राउटरला यूपीएस जोडावा. हीच चाचणी दर महिन्याला करावी आणि बॅटरी कमी झाल्याची सूचना आली की ती त्याच दिवशी बदलावी.