ट्रॅम्पोलिन घेताना आधी आकार बघा

स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, पायाला लावून हवेत मारायच्या गिरक्यांचा घरी सराव करायचा असेल, तर गोल ट्रॅम्पोलिन नको, आयताकृतीच घ्या. गोल ट्रॅम्पोलिन उडी मारणाऱ्याला मध्याकडे ढकलतं. आयताकृतीवर उसळी सरळ, उंच मिळते आणि हवेत गिरकी पुरी करायला वेळ मिळतो. स्प्रिंगा लांब आणि भरपूर हव्यात. वजनमर्यादा वाचाच. खऱ्या स्कीची पोलादी कड मॅट, म्हणजे उड्या मारायचं ताणलेलं कापड, फाडते, म्हणून सरावाच्या आखूड, बोथट स्की वेगळ्या घ्या. आणि कृपा करून एका वेळी एकच जण! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगितलंय, की सुमारे तीन चतुर्थांश दुखापती अनेकजण एकत्र उड्या मारताना होतात. कोलांटी मात्र आधी प्रशिक्षकाकडेच शिका, अंगणात नाही.