दर महिन्याची आरसी फ्लाय-इन भरवताय? मग माळावरच्या या चुका टाळा

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, कुठून ना कुठून फोन येतो, "दादा, आम्ही पण दर महिन्याला आरसी मीट सुरू करायलोय, काय काय लागतं सांगा की." आरसी मीट नाहीतर फ्लाय-इन म्हणजे रिमोटवर उडणारी छोटी विमानं घेऊन सगळ्यांनी माळावर जमायचं आणि उडवायचं. आणि मग पुढचे सगळे प्रश्न विमानाचे. मोटर किती केव्हीची (व्होल्टमागं किती फेरे) घेऊ, प्रॉप म्हणजे पुढचा पंखा कुठला लावू, लिपो बॅटरी थ्री एस की फोर एस, म्हणजे तीन सेलची की चार. लोक कुठं बसणार, नवीन पोराच्या हातात पहिल्यांदा रिमोटची स्टिक कोण देणार, शेताच्या मालकाला कुणी विचारलंय का, हे कुणीच विचारत नाही. विमान पडलं तर फोमबोर्ड आणून परत बनवता येतं, पण मीट एकदा विस्कटली की तीच माणसं परत गोळा होत नाहीत, हे मी इथं बऱ्याचदा बघितलंय. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय.

नकाशा न बघता मैदान ठरवणं

सोलापूरकरांची ही चूक जुनी आहे आणि त्याला कारण पण आहे. होटगी रोडचं विमानतळ होतं, पण मधली बरीच वर्षं तिथं नियमित विमान यायचं नाही, त्यामुळं "इथं कुठं विमान येतंय" म्हणत जिथं मोकळी जागा दिसेल तिथं उडवायची सवय लागली. आता तसं नाही ओ. १५ जून २०२३ ला विमानांना अडथळा ठरणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, आता तिथं खरी माणसं बसलेली विमानं उतरतात.

ड्रोन नियम २०२१ आपल्या आरसी विमानांना पण लागू आहेत, "आमचं ड्रोन नाही, विमान आहे" हे चालत नाही. २५ किलोपर्यंतचं, फक्त शिकायला, संशोधनाला नाहीतर हौसेला उडवायचं आणि कायम नजरेच्या टप्प्यात ठेवायचं, अशा विमानाला त्या नियमांत मॉडेल म्हटलंय. त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे बनावटीची सरकारी मान्यता, लागत नाही, पण आकाशाचे झोन त्यालाही तेच: रेड म्हणजे बंद, यलो म्हणजे एटीसीची (विमानतळाच्या कंट्रोल टॉवरची) परवानगी, ग्रीन म्हणजे मोकळं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच यलो नाहीतर रेड, म्हणजे परवानगी घेतल्याशिवाय बोटभर पण उडायचं नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटापर्यंत ग्रीन, आणि त्याच्याही पलीकडं, रेड नसेल तर, ४०० फुटापर्यंत. आता डोक्यात सोलापूरचा नकाशा आणा आणि होटगी रोडपासून ८ किलोमीटरचा गोल काढा, शहराचा बहुतेक भाग आत जातो. जुळे सोलापूरच्या बाजूला एका प्लॉटिंगवर एका ग्रुपनं सलग काही रविवार उडवलं, मी दोनदा सांगितलं, "काही होत नाही" हेच उत्तर. शेवटी पोलीस आले, आणि बरोबरच आले. तो ग्रुप आता नाही. पोरं हुशार होती, एकानं तर सनबोर्डचं चार फुटी विमान स्वतः डिझाइन केलेलं, पण घरच्यांनी सगळं माळ्यावर टाकायला लावलं.

२०० फूट म्हणजे किती हे पण नवीन लोकांना कळत नाही. साधारण ६० मीटर. ट्रेनर, म्हणजे शिकायचं साधं विमान, दोन गोल फिरलं की सहज तेवढं वर जातं. म्हणून मी १२ किलोमीटरच्या आतली जागा घेतच नाही, लांब पडली तरी चालेल. नकाशा डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवर फुकट आहे आणि तो मीटच्या आठवड्यात परत बघायचा, कारण झोन बदलू शकतात. पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी गरज पडली तर ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन करू शकतो. कुणाचा मोठा दौरा असला, आषाढीची गर्दी असली, की आधी चौकशी, मग ग्रुपवर मीटचा मेसेज.

दुसरा मोह म्हणजे नान्नज. बार्शी रोडला शहरापासून वीसेक किलोमीटर, सपाट गवताळ माळ, झाड नाही, तार नाही, बघूनच हात शिवशिवतात. पण ते माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासून. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उडवायचं नाही. आणि अभयारण्याच्या हद्दीबाहेर पण जिथं गवत शिल्लक आहे तिथं चंडोल, धाविक जमिनीवरच अंडी घालतात, आपली पन्नास पावलं त्या गवतातून विमान शोधत फिरली तर काय होतं याचा विचार करा. एवढा मोठा जिल्हा आहे, पडीक मुरमाड माळ भरपूर आहेत.

जमीन वरवर बघणं

काळं रान टाळा. पावसाळ्यात चाकाला चिखलाचे गोळे चिकटतात, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्वारी निघाल्यावर रान मोकळं दिसतं म्हणून लोक खूश होतात, पण धसकटं असतात खाली, ती फोमच्या पोटात सुरीसारखी घुसतात आणि चप्पल घालून पळणाऱ्या पोराच्या पायात पण. मुरूमच बरा. मालकाला आधी भेटा, फोनवर नाही, जाऊन.

रनवे शक्यतो पूर्व-पश्चिम धरा आणि आपण सगळे दक्षिणेच्या कडेला उभं राहून तोंड उत्तरेकडं करा. आपल्याकडं वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेच्या बाजूनं जातो, तो पाठीवर राहतो, विमान उन्हात हरवत नाही. एवढी साधी गोष्ट, पण लोक गाडी जिथं लागली तिथंच उभे राहून उडवायला लागतात.

माणसं कुठं बसणार हे आयत्या वेळी ठरवणं

ही माझ्या मते सगळ्यात धोक्याची चूक, आणि यावर मी बोलायला लागलो की लोक म्हणतात किती ताणतोय. तर ऐका मग.

हुरड्याचे दिवस होते. शेजारच्या तालुक्यातल्या एका ग्रुपनं फ्लाय-इन आणि हुरडा पार्टी एकत्र ठेवली, कल्पना फार चांगली, कारण बायको-मुलं येतात, आईवडील येतात, नाहीतर दर रविवारी घरातनं एकटं निघालं की घरची तोंडं बघवत नाहीत. शेंगा चटणी, गूळ, दही, गरम हुरडा, सगळं जोरात. हुरडा भाजायची आगटी पेटवली ती रनवेच्या पूर्व टोकाला एका बाभळीखाली, का तर तिथं सावली. ताडपत्री टाकली, वीस-पंचवीस माणसं बसली. सकाळी पूर्वेचा हलका वारा होता. आगटीचा धूर सरळ रनवेवर यायला लागला तेव्हाच कुणीतरी उठून म्हणायला पाहिजे होतं की अरे, आपण विमानं ज्या दिशेला वर चढवतोय तिथंच माणसं बसलेत. मी पाहुणा होतो, मी सांगितलं, तर आयोजक म्हणाला, "होऊ द्या की आता, बसलेत लोक, सगळे लवकर वळवून घेतील."

दहाच्या पुढं ऊन तापलं आणि वारं फिरलं, पश्चिमेचं झालं. वारं फिरलं की उतरायची दिशा फिरते, म्हणजे आता प्रत्येक विमान पूर्वेकडून, थेट त्या ताडपत्रीवरून खाली येणार. तेवढ्यात एका सिनियरचं ग्लो इंजिनचं (इंधनावर चालणारं) लाकडी विमान वर असताना इंजिन बंद पडलं. डेडस्टिक. इलेक्ट्रिकवाल्यांना हे पटकन कळत नाही, इंजिन बंद म्हणजे दुसरी फेरी नाही, जेवढी उंची हातात आहे तेवढाच वेळ. त्याच्याकडं उंची कमी होती. तो ओरडला, पण ताडपत्रीवर गाणी चालू होती, ब्लूटूथचा स्पीकर. कुणीही वर बघितलं नाही. विमान बाभळीच्या फांदीला पंख लावून फिरलं आणि ताडपत्री आणि लावलेल्या गाड्या यांच्या मधे येऊन आदळलं. एक सहा-सात वर्षांचा मुलगा तिथून हातभर अंतरावर उभा होता, हातात हुरड्याचा द्रोण घेऊन. काही लागलं नाही त्याला. पण त्याची आई ज्या आवाजात ओरडली तो आवाज तिथं असलेला कुणी विसरणार नाही. पुढच्या महिन्यात एकाही घरातली मंडळी आली नाही, आणि तीन-चार महिन्यांत ती मीटच बंद पडली. उडवणारा माणूस अनुभवी होता, विमान नीट होतं. चुकली होती ती आगटीची जागा, आणि ती सकाळी सात वाजता ठरलेली.

त्यामुळं माझी सवय अशी: सगळ्यांच्या आधी पोचायचं, गाडीत फक्कीची पिशवी असते, क्रिकेटच्या पिचला मारतात तीच. रनवेच्या कडेपासून पाच पावलांवर पहिली रेघ, पायलट फक्त तिथं उभे. त्याच्या मागं पंधरा पावलांवर दुसरी, विमानं जोडायची, बॅटरी लावायची ती तिथं. त्याच्याही मागं तीस पावलं सोडून दोरी, आणि जेवण, लहान मुलं, स्पीकर, आगटी सगळं त्या दोरीच्या मागं. रनवेच्या दोन्ही टोकांना कुणीच नाही, सावली असली तरी नाही. पायलटच्या रेघेच्या मागं विमान आणलं तर त्या दिवशी त्याचा रेडिओ, म्हणजे रिमोट, बंद, मग तो कितीही जुना मित्र असो. आणि उडवायच्या आधी सगळ्यांना, बघायला आलेल्या काकूंना पण, पाच मिनिटं उभं करून सांगायचं की "डेडस्टिक" असा आवाज आला की खायचं थांबवून वर बघायचं. लोक हसतात सुरुवातीला. हसू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या मीटला तीच माणसं नवीन आलेल्यांना समजावून सांगतात.

सकाळची चांगली हवा सिनियरनी खाणं

सोलापुरात हवा शांत असते ती उजाडल्यावरचा तास-दीड तास. आणि नेमकं तेव्हा जुने लोक थ्रीडी कसरती करत असतात, उलटं टांगून दाखवतात, व्हिडिओ काढतात. नवीन पोराचा नंबर येतो साडेदहाला, तेव्हा खालून गरम झोत सुटलेले असतात, त्याचं पहिलंच हलकं विमान पानासारखं उडतं आणि पडतं. तो परत येत नाही. मग हेच सिनियर म्हणतात, आजकालच्या पोरांना पेशन्स नाही.

पहिला तास फक्त शिकणाऱ्यांचा, हा नियम मी कुणासाठी मोडत नाही. बडी बॉक्स लावायचा, म्हणजे दोन रेडिओ जोडून शिकवणाऱ्याकडं स्विच, गडबड झाली की कंट्रोल परत घ्यायचा. पण नवीन लोकांनो, तुम्ही पण जरा थांबा की. सिम्युलेटरवर महिनाभर हात बसवल्याशिवाय, आणि ते पण विमान आपल्याकडं तोंड करून येताना रडर-एलेरॉन (शेपटीची आणि पंखाची वळवायची पाती) उलटे वाटायचे थांबेपर्यंत, मैदानावर स्टिक मागू नका. व्हिडिओ बघून पहिलंच फायटर विमान मागवणारे दर वेळी भेटतात, हाय विंग (वरच्या बाजूला पंख असलेलं) ट्रेनर घ्या म्हटलं की नाक मुरडतात. त्यांना मी स्पष्ट सांगतो, ते डब्यातच राहू दे, आज माझ्या ट्रेनरवर हात बसव.

न विचारता व्हिडिओ ट्रान्समीटर चालू करणं

कंट्रोलचे २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आता आपापलं चॅनल सांभाळून घेतात, पूर्वी क्रिस्टलच्या काळात, म्हणजे क्रिस्टल घालून चॅनल ठरायचं तेव्हा, एकाच चॅनलवर दोघांनी चालू केलं की एकाचं पडायचंच. त्यामुळं लोक निर्धास्त झाले. पण एफपीव्हीचा, म्हणजे विमानावरच्या कॅमेऱ्यातनं गॉगलमधे बघत उडवतात त्याचा, ५.८ गिगाहर्ट्झचा अॅनालॉग व्हिडिओ अजून तसाच आहे. तुम्ही खाली बसून बॅटरी लावली, तुमचं चॅनल वर उडणाऱ्याचंच निघालं, की त्याच्या गॉगलमधे तुमची चप्पल दिसते आणि त्याचं विमान आंधळं.

यावर जुना उपाय सगळ्यात चांगला. एका फळीवर कपडे वाळत घालायचे आठ चिमटे, रेसबँडची (व्हिडिओच्या ठरलेल्या चॅनल-संचाची) आठ चॅनल, प्रत्येकावर नंबर. चिमटा शर्टाला लावल्याशिवाय बॅटरी लावायची नाही. चिमटा नसेल तर थांबायचं. खरं तर आठही एकदम वापरूच नका, चार बस झाले. गॉगल घातलेल्याच्या शेजारी डोळे उघडे ठेवून विमानाकडं बघणारा दुसरा माणूस पाहिजेच, आणि तो मोबाईल बघत बसणारा नको.

बाकीच्या, पटापट

लिपो बंद गाडीत उन्हात ठेवू नका, एप्रिल-मे मधे तर अजिबात नाही, फुगतात आणि फुगलेली परत वापरायची हिंमत करू नका. चार्जिंग चालू असताना तिथून उठायचं नाही, शेजारी वाळूची बादली. न उडवता घरी नेताय तर सेलमागं ३.८ व्होल्टवर आणून न्या.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबायची सोय, तपासल्याशिवाय कुणालाही टेक ऑफ देऊ नका. विमान धरायचं, रेडिओ बंद करायचा, मोटर थांबली पाहिजे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

उन्हाळ्यात हॉट ग्लू मऊ पडतो, कडेला टेप मारा.

दारू नाही. यावर चर्चा पण नाही.

तारखेसाठी ग्रुपवर पोल टाकू नका. पोल टाकला की एकाचं लग्न, एकाची परीक्षा, तारीख सरकते, दोनदा सरकली की मीट मेली. महिन्याचा दुसरा रविवार म्हणजे दुसरा रविवार, तिघं आले तरी तिघांची मीट. वारं जास्त असेल, जून-जुलैत असतंच, तर उडवू नका, पण भेटा, विमानं दुरुस्त करा, कडक भाकरी खा, गप्पा मारा. माणसाला माहिती पाहिजे की त्या दिवशी तिथं कुणीतरी असणारच.

आणि निघताना रान साफ करा. तुटलेल्या प्रॉपचे तुकडे, झिप टाय, फोमचे कण, सगळं. मालकाची जनावरं संध्याकाळी तिथंच चरतात, पोटात प्लॅस्टिक गेलं तर पुढच्या वेळी तुम्हाला बांधावर उभं करणार नाही, आणि मी त्याच्याच बाजूनं बोलेन. मी प्रत्येकाला एक रिकामं पोतं देतो आणि रनवेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांनी ओळीनं चालत यायचं, गाड्या त्यानंतरच सुरू करायच्या.