जिल्हा परिषदेचा निकाल कसा वाचावा

निकालाच्या दिवशी पक्षनिहाय आकडा सर्वांत आधी समोर येत असला, तरी वाचनाची सुरुवात आपल्या गटापासून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या आपल्या मतदारसंघापासून करावी. ग्रामीण महाराष्ट्रातील मतदार एकाच वेळी दोन मते देतो, एक जिल्हा परिषद गटासाठी आणि दुसरे पंचायत समिती गणासाठी, म्हणजे तालुक्याच्या पंचायत समितीच्या मतदारसंघासाठी. प्रत्येक गटात असे दोन गण असतात. म्हणून गटातील उमेदवाराची मते आणि त्याच पक्षाच्या दोन्ही गणांतील उमेदवारांच्या मतांची बेरीज शेजारी शेजारी मांडावी. गटाची मते या बेरजेपेक्षा हजारभर जास्त असतील, तर तो उमेदवार बहुधा स्वतःच्या नावावर चालला. बरीच कमी असतील, तर पक्षातल्याच मंडळींनी हात आखडता घेतला का, हे केंद्रनिहाय आकड्यांत शोधावे. त्यानंतर विजयी मताधिक्य आणि बंडखोराची मते यांची तुलना करावी. पुष्कळ गटांचा खरा निकाल या दोन आकड्यांत असतो.

या निकालावरून विधानसभेचा अंदाज बांधताना नगरपालिका व महानगरपालिका हद्दीतील मतदार येथे मतदान करत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

सर्वाधिक जागा म्हणजे सत्ता, असे मात्र समजू नये. अध्यक्षाची निवड सदस्य करतात, ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, हे आरक्षणाच्या चक्रानुक्रमाने (आळीपाळीने) ठरते आणि मुदत अडीच वर्षांची असते. त्यामुळे बहुमताइतकेच, त्या प्रवर्गातील सदस्य कोणत्या पक्षाकडे आहेत, हेही पाहावे लागते. कोल्हापुरात २०१७ साली ६७ सदस्यांच्या सभागृहात कोणालाही स्पष्ट बहुमत नव्हते. मित्रपक्षांच्या साथीने भाजपच्या शौमिका महाडिक अध्यक्ष झाल्या आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच सभागृहात अध्यक्षपद काँग्रेसकडे गेले. मधल्या काळात जिल्हा परिषदेची नवी सार्वत्रिक निवडणूक झालीच नव्हती.

म्हणूनच निकालानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे होणाऱ्या पक्ष व आघाड्यांच्या नोंदणीवर लक्ष ठेवावे, कारण १९८६ च्या सदस्य अनर्हता (सदस्यत्व रद्द करण्याच्या) कायद्याखाली पक्षादेश (व्हिप) कोणाचा चालणार, हे ठरवताना ही नोंद महत्त्वाची असते. त्यापाठोपाठ विषय समित्यांचे सभापती निवडले जातात. गावची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि रस्ता यांचे निर्णय तेथूनच पुढे सरकतात, तेव्हा शिक्षण, आरोग्य आणि बांधकाम कोणाकडे गेले, हे प्रत्येक मतदाराने आवर्जून पाहिले पाहिजे.