डावा-उजवा एकत्र करून मोनो: चार रेझिस्टरचा बॅलन्स्ड डबा

मिक्सरचे डावे-उजवे आउटपुट एकाच स्पीकरला द्यायचे असले की हात आधी वाय केबलकडे जातो. तसे करू नका. वाय केबल एका आउटपुटवरून दोन इनपुटना सिग्नल देण्यासाठी असते. दोन आउटपुट एकमेकांना जोडण्यासाठी नाही. बॅलन्स्ड (एकच सिग्नल दोन तारांवरून, एकीवर सरळ आणि दुसरीवर उलटा पाठवणाऱ्या) आउटपुटचा स्वतःचा रोध बहुधा ५० ते २०० ओहम एवढाच असतो. डावीकडचा आणि उजवीकडचा सिग्नल वेगळा झाला की दोन्ही आउटपुट एकमेकांशी झगडू लागतात, करंट वाढतो आणि आवाज फाटतो. म्हणून प्रत्येक तारेत एक रेझिस्टर हवा.

साहित्य थोडेच आहे: १ किलोओहमचे पाव वॅटचे चार मेटल फिल्म रेझिस्टर, दोन फीमेल आणि एक मेल एक्सएलआर (तीन पिनांचे ऑडिओ) सॉकेट, पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची छोटी पेटी आणि थोडी वायर. पाव वॅट पुरेसे आहे. +२४ डीबीयू (सिग्नलच्या पातळीचे एकक) इतका तगडा सिग्नल दोन्हीकडून उलट्या फेजने, म्हणजे एक वर जाताना दुसरा खाली असा आला, तरी एका रेझिस्टरवर ४० मिलीवॅटही पडत नाहीत.

जोडणी अशी. डाव्या इनपुटच्या पिन २ पासून एक रेझिस्टर आउटपुटच्या पिन २ कडे, उजव्या इनपुटच्या पिन २ पासून दुसरा त्याच ठिकाणी. पिन ३ चेही तसेच: दोन रेझिस्टर, दोन्ही आउटपुटच्या पिन ३ वर. तिन्ही सॉकेटच्या पिन १ एकमेकींना थेट जोडा आणि तिथूनच आखूड वायरने पेटीला. टीआरएस जॅक वापरत असाल तर टिप म्हणजे पिन २, रिंग म्हणजे पिन ३, स्लीव्ह म्हणजे पिन १.

आता खरी मेहनत: रेझिस्टर निवडणे. बॅलन्स्ड लाइनचा सगळा फायदा हॉट (पिन २) आणि कोल्ड (पिन ३) तारांच्या सारखेपणावर उभा आहे. दोन्हींवर सारखाच शिरलेला गोंगाट पुढच्या इनपुटमध्ये वजा होतो, पण दोन्ही वाटा हुबेहूब असतील तरच. १ टक्का टॉलरन्सचे (छापील आकड्यापासून तेवढा फरक असू शकणारे) चार रेझिस्टर न मोजता लावले आणि फरक नेमके उलट दिशांना पडले, तर एका बाजूने आलेल्या अशा गोंगाटाचा शंभरावा भाग, म्हणजे −४० डेसिबल, सिग्नल बनून पुढे जातो. जोड्या ०.१ टक्क्यात जुळवल्या की तोच −६० वर येतो. वीसेक रेझिस्टर घ्या, एकाच मल्टिमीटरने मोजा आणि १ ओहमच्या आत जुळणाऱ्या दोन जोड्या काढा. मीटर थोडा चुकीचा दाखवत असला तरी बिघडत नाही, कारण आपण फक्त तुलना करतो आहोत. मात्र मोजताना रेझिस्टरची दोन्ही टोके बोटांनी धरू नका. अंगाचा रोध समांतर जोडला जाऊन आकडा काही ओहमने घसरू शकतो. एक जोडी डाव्याच्या हॉट-कोल्डला, दुसरी उजव्याच्या. दोन जोड्यांमध्ये आपसात थोडा फरक असला तरी डावे-उजवे प्रमाण किंचित हलेल, एवढेच.

सोल्डरिंग झाले की काहीही न जोडता मोजा. इनपुटच्या पिन २ पासून आउटपुटच्या पिन २ पर्यंत १ किलोओहम, डाव्या आणि उजव्या इनपुटच्या पिन २ मध्ये २ किलोओहम, पिन ३ लाही हेच आकडे. पिन २ आणि ३ मध्ये मात्र मीटरने कसलीही जोडणी दाखवता कामा नये.

लेव्हलबद्दल गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगतो. दोन्हीकडे तोच आवाज असेल तर तो जवळपास मूळ पातळीवरच राहतो. १० किलोओहमच्या इनपुटवर साधारण १ डेसिबल कमी. फक्त एका बाजूला असलेले वाद्य ६ डेसिबलने उतरते. एक प्लग काढला तर उरलेली बाजू ६ डेसिबलने वाढते. हे बिघाड नव्हेत.

मधला गायकाचा आवाज आणि बास गायब होऊन पोकळ, पातळ काहीतरी उरले, तर एका इनपुटच्या पिन २ आणि ३ ची अदलाबदल झाली आहे. तारा बरोबर असूनही एखादे रुंद पसरलेले सिंथ नाहीसे होत असेल, तर ते मूळ रेकॉर्डिंगमध्येच उलट फेजचे आहे. ते हा डबा परत आणू शकत नाही.

रेझिस्टर १० किलोओहमचे लावावेत का? आउटपुट रोध १० किलोओहम होतो, आणि मीटरला १०० पिकोफॅरड धारकतेची १० मीटर केबल १६ किलोहर्ट्झच्या आसपासच तीन डेसिबल खाऊन टाकते. १ किलोओहमला हीच मर्यादा १६० किलोहर्ट्झवर जाते. १० किलोओहम एकाच कामाला चांगले: माइक इनपुटला द्यायचे असेल तेव्हा. तिथे आउटपुटच्या पिन २ आणि ३ मध्ये १५० ओहमचा एक रेझिस्टर जोडा. लाइन लेव्हल (मिक्सरच्या आउटपुटची पातळी) सुमारे ३७ डेसिबलने उतरते आणि लांब केबलचाही त्रास राहत नाही. त्या चॅनेलची फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच दिला जाणारा वीजपुरवठा) बंद ठेवा, नाहीतर तिचा डीसी रेझिस्टरमधून थेट मिक्सरच्या आउटपुटवर जाईल.

हम (वीजपुरवठ्याची सततची घुमघुम) येत असेल तर डब्याच्या आउटपुटची पिन १ सोडवून पाहा. तरी गेला नाही तर आउटपुटनंतर १:१ लाइन ट्रान्सफॉर्मर लावा. वीजपुरवठ्याची अर्थिंग पिन मात्र कधीही काढू नका.