कच्ची कातडी विकायला काढताना या चुका टाळा: पहिले चार तास आणि मिठाचा हिशोब

मे महिन्यात इंदुरात पारा 40 अंशांच्या पुढे जातो. अशा दिवशी बकऱ्याचे ओले कातडे गुंडाळून गोणीत कोंबले, तर संध्याकाळी पोटाकडचे केस चिमटीत सुटून येतात. वरून कातडे ठीक दिसते, वासही फार नसतो. पण टॅनरीत, म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्यात, चुन्याच्या हौदातून निघाले की वरची कांती खरबरीत, ठिकठिकाणी खाल्ल्यासारखी दिसते. पुढच्या खेपेला व्यापारी तुमच्या सगळ्या मालाचा भाव पाडतो, चांगल्या नगांचासुद्धा. बाजारात ज्या दोषांवरून घासाघीस होते, त्यांतले बहुतेक सोलल्यानंतरच्या पहिल्या चार तासांत तयार झालेले असतात.

येथे बोलायचे ते फक्त बकरी-मेंढीच्या कातड्याविषयी. कोल्हा, मुंगूस, साळिंदर, कोणत्याही रानटी जनावराचे कातडे किंवा केस घेणे-विकणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मध्य प्रदेशात गोवंशासाठी 2004 चा वेगळा कायदा आहे. अशा मालाला हात लावू नका.

उरलेली ऊब

ताज्या कातड्यात निम्म्याहून जास्त, साधारण 60 ते 65 टक्के पाणी असते आणि अंगाची ऊब तशीच असते. दहा-बारा गरम कातडी एकावर एक टाकली की मधली थंडच होत नाहीत. जिवाणूंना एवढे पुरते. ते आधी केसांच्या मुळाशी असलेली नाजूक पेशी खातात, म्हणून कातडे कुजायच्या आधी केस सुटतात. एकदा केस सुटले की मीठ, थंडी, औषध, कशानेही ते परत धरत नाहीत.

म्हणून सोलल्याबरोबर गार पाण्याने रक्त आणि शेण धुऊन काढा. बादलीत बुडवून मात्र ठेवू नका. सावलीत, सिमेंटच्या स्वच्छ फरशीवर एकेक कातडे मांसाची बाजू वर करून पसरा, अर्धा तास निथळू द्या आणि लगेच मीठ लावा. उन्हाळ्यात सोलण्यापासून मीठ लागेपर्यंत तीन-चार तासांवर जाऊ नका. महू, देवास, सांवेरकडच्या खेड्यांतून माल गोळा करून इंदुरात आणणाऱ्यांनी मीठ गाडीतच बरोबर न्यावे. दुकानावर पोहोचल्यावर खारवू, हा हिशोब उन्हाळ्यात बसत नाही.

मीठ कमी, मीठ चुकीचे

सर्वांत महागात पडणारी काटकसर हीच. ताज्या कातड्याच्या वजनाच्या 40 ते 50 टक्के मीठ लागते. 2 किलोच्या कातड्याला 800 ग्रॅम ते 1 किलो. दीड किलोची 100 कातडी असतील तर 60 ते 75 किलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला आणखी 15-20 किलो नवे मीठ हाताशी ठेवा.

दाणा साधारण 1 ते 3 मिलिमीटरचा हवा. पिठासारखे बारीक मीठ लगेच विरघळून पाण्याबरोबर वाहून जाते, कुठे गठ्ठा होतो. मोठे खडे सगळीकडे टेकत नाहीत आणि कांतीवर त्यांचे खड्डे उमटतात. गेल्या खेपेचे झटकलेले मीठ पुन्हा वापरू नका. त्यात रक्त असते आणि खाऱ्यात वाढणारे जिवाणूही.

मीठ नुसते भुरभुरवून चालत नाही. मान, पायांच्या कडा, शेपटीचे मूळ, सगळ्या घड्या उलगडून हाताने चोळा. केस आधी मानेत आणि पोटाच्या कडांना सुटतात, कारण तिथेच हात घाईने फिरतो. मांस आणि चरबीचे तुकडे चिकटलेले असतील तर त्यांच्याखाली मीठ उतरत नाही, म्हणून ते आधी खरवडून काढा. मेंढीच्या कातड्यात चरबी जास्त आणि लोकर ओल व ऊब धरून ठेवते. त्यामुळे मेंढीला मीठ 50 टक्क्यांच्या बाजूने लावा आणि थप्पी कमी उंचीची ठेवा.

थप्पी लाकडी फळ्यांवर, थोडा उतार देऊन रचा, म्हणजे खारे पाणी खालच्या नगांत साचणार नाही. 24 तासांनी उलटापालट करा, ओले झालेले मीठ झटका, नवे मीठ लावा. चार-पाच दिवसांनी कातडे दाबल्यावर लालसर पाणी गळत नसेल, मांसाची बाजू घट्ट लागत असेल आणि मिठाचे कोरडे दाणे दिसत असतील, तर ते मुरले. निथळलेले खारे पाणी शेतात किंवा विहिरीजवळ सोडू नका, जमीन वर्षानुवर्षे नापीक होते.

पत्र्यावर वाळवणे

मीठ वाचवायला अनेकजण कातडे तापलेल्या पत्र्यावर किंवा भर उन्हात दगडावर टाकतात. ओले कातडे तापले की शिजते. बाहेर कडक पापुद्रा धरतो, आत ओल तशीच कोंडून सडते. टॅनरीत भिजवल्यावर असे कातडे मऊ होत नाही, सरसासारखे चिकट होऊन फाटते. वाळवायचेच असेल तर चौकटीवर ताणून, सावलीत, वारा लागेल असे वाळवा. सुक्या मालाला भुंग्याच्या अळ्यांची भीती असते, त्यामुळे दर आठवड्याला उलटून पाहा.

सुरीच्या खुणा

पाठीवरचे एक भोक पोटावरच्या चार भोकांपेक्षा जास्त नुकसान करते, कारण बूट-पिशव्यांचे मोठे तुकडे पाठीतून निघतात. चीर पोटाच्या मधोमध सरळ घ्या आणि पायांच्या आतल्या बाजूने वळवा. चीर सुरीने द्यायची, पण कातडे मांसापासून सोडवायचे ते मुठीने, खाली दाबत. बकऱ्याचे कातडे मुठीने सहज सुटते. सुरी लागलीच तर टोक गोल असावे. कांतीपर्यंत न पोहोचलेला कापही टॅनरीत ताणताना फाटतो. कान, खूर, ओठ, कासेचे मांस काढून टाका. व्यापारी त्यांचे पैसे देत नाही आणि सडण्याची सुरुवात मात्र तिथूनच होते.

काय दिसते, काय करायचे

लाल किंवा गुलाबी डाग: खाऱ्यात वाढणारे जिवाणू, बहुधा समुद्री मिठातून आलेले, 30 अंशांच्या वर झपाट्याने पसरणारे. डाग पडलेले नग वेगळे काढा, जुने मीठ पूर्ण झटका, नवे मीठ लावा आणि तेच आधी विका. फरशी धुऊन उन्हात वाळवा. पुढच्या वेळी बकऱ्याच्या मालाला मिठात 2 टक्के धुण्याचा सोडा आणि 1 टक्का नॅफ्थलीन मिसळता येते, पण व्यापाऱ्याला आधी विचारा. मेंढीच्या लोकरीला सोडा नको, ती खराब होते.

तपकिरी-पिवळे डाग: रक्त धुतलेले नाही किंवा गंजलेल्या पत्र्याला कातडे टेकले.

उग्र, अमोनियासारखा वास: सडणे सुरू झाले. केस अजून घट्ट असतील तर लगेच पुन्हा मीठ लावा. केस सुटत असतील तर ते नग वेगळ्या ढिगात, कमी दर्जाचे म्हणूनच विका. गठ्ठ्याच्या पोटात लपवलेला एक नग उघड झाला की पुढचे सगळे गठ्ठे सोडून तपासले जातात.

पावसाळ्यात भिंतीची ओल आणि हवेतला दमटपणा मीठ पाणी करतो. जून ते सप्टेंबर माल साठवू नका, मुरला की पाठवा. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, आत घाम धरतो. मांसाची बाजू आत ठेवून पाठीच्या रेषेवर घडी घाला आणि ज्यूटच्या गोणीत, सुतळीने बांधा. कानपूरच्या जाजमऊमधल्या किंवा थेट तमिळनाडूतल्या आंबूर, राणीपेटच्या टॅनऱ्यांकडे जाणारा ट्रक वाटेत उन्हात उभा राहतो, अर्धा मुरलेला माल तिथेच सडतो.

बकरी ईदला एका दिवसात एवढी कातडी येतात की मिठाचा अंदाज हमखास चुकतो. 2025 मध्ये ईद 7 जूनला होती आणि ती दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकते. म्हणजे येती काही वर्षे ती मेच्या, मग एप्रिलच्या उन्हात येईल. अपेक्षित नगांना लागेल त्याच्या दीडपट मीठ आदल्या आठवड्यातच भरून ठेवा आणि मीठ लावणारी माणसे सोलणाऱ्यांपेक्षा वेगळी नेमा.

एक इशारा वेगळा. जनावर अचानक मेले, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर ते सोलू नका. काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते. मृत जनावर उघडले की तिचे बीजाणू पसरतात, आणि माणसालाही ती होते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि ते सांगतील तोवर त्या जनावरापासून माणसे आणि कुत्री दूर ठेवा.