प्रोटेजेला शिव्या देण्याआधी: मोठी ऑन्टॉलॉजी उघडताना या चुका टाळा

प्रोटेजे हे ऑन्टॉलॉजी बनवायचं सॉफ्टवेअर; ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांची नाती संगणकाला कळतील अशी मांडलेली फाइल. ती मोठी असली आणि उघडायला वेळ लागला की लोक दोनच गोष्टी करतात: प्रोटेजे पुन्हा इन्स्टॉल करतात, नाहीतर रॅम वाढवायला निघतात. लॉग मात्र कोणी उघडत नाही. विंडो मेन्यूत तो असतो. कुठली फाइल कुठून घेतली, इम्पोर्टसकट, म्हणजे जोडून घेतलेल्या दुसऱ्या ऑन्टॉलॉजींसकट, सगळं लोड व्हायला किती मिलिसेकंद लागले, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. वेळ इम्पोर्ट आणण्यात गेला, फाइल वाचण्यात गेला, मेमरी कमी पडल्यामुळे गेला की रीझनरने, म्हणजे ऑन्टॉलॉजीतून निष्कर्ष काढणाऱ्या प्रोग्रॅमने, खाल्ला, हे आधी बघा. मग पैसे खर्च करा.

गरज नसताना अख्खी ऑन्टॉलॉजी इम्पोर्ट करणं

माझ्या मते निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे. नाशिकच्या एका कॉलेजातली मुलगी द्राक्षाच्या रोगांवर प्रोजेक्ट करत होती. भुरी, केवडा, करपा. निफाड-दिंडोरीच्या बागांत फिरून लक्षणं गोळा केलेली, वर्गांची, म्हणजे संकल्पनांच्या गटांची, रचनाही नेटकी. पण फाइल उघडायला घेतली की लॅपटॉपचा पंखा बोंबलायचा आणि शेवटी मेमरी संपल्याचा एरर यायचा. तिची स्वतःची फाइल तर काही केबींची. मग खातंय काय? इम्पोर्टच्या टॅबमध्ये पाहिलं तर एनसीबीआय टॅक्सॉन ही सजीवांच्या वर्गीकरणाची ऑन्टॉलॉजी तिथे पूर्ण बसलेली! तिच्यात २० लाखांहून जास्त वर्ग आहेत आणि फाइल एक जीबीच्या वर जाते.

"एवढं सगळं कशाला?"

"सर, द्राक्षाचं शास्त्रीय नाव प्रमाणित हवं होतं. गाईड म्हणाले, सगळंच घेऊन ठेव, पुढे लागलं तर."

एक जुडी कोथिंबीर हवी म्हणून पंचवटीचं अख्खं मार्केट यार्ड घरी आणायचा हा प्रकार. तिला हवं होतं व्हायटिस व्हिनिफेरा, एनसीबीआयचा क्रमांक २९७६०, आणि सोबत केवड्याची प्लाझ्मोपारा व्हिटिकोला व भुरीची एरिसायफी नेकेटर.

यावर उपाय आहे रोबॉट. हे कमांड लाइनवर चालणारं फुकट साधन आहे. त्याच्या एक्स्ट्रॅक्ट कमांडला बॉट ही पद्धत आणि हव्या त्या संज्ञांची यादी दिली की त्या संज्ञा आणि वरपर्यंतचे त्यांचे पूर्वज एवढंच वेगळं निघतं. मोठी फाइल एकदा वाचायला रोबॉटलाही भरपूर मेमरी लागते, म्हणून ते काम आम्ही लॅबच्या दणकट मशिनवर उरकलं. नंतर तिच्या लॅपटॉपवर फाइल चुटकीसरशी उघडू लागली. संज्ञांची यादी मी कायम वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो आणि मूळ ऑन्टॉलॉजी कुठल्या तारखेची होती तेही तिथेच लिहितो. नवी आवृत्ती आली की तीच कमांड पुन्हा चालवायची. "पुढे लागलं तर" या भीतीचं उत्तर ती यादी आहे, एक जीबीचा इम्पोर्ट नव्हे.

संज्ञा एक-दोनच असतील तर एवढाही खटाटोप नको. युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटच्या ओएलएस या ऑन्टॉलॉजी शोधायच्या साइटवर ब्राउझरमध्ये शोधा, आयआरआय (संज्ञेची वेबपत्त्यासारखी ओळख) आणि लेबल उचला, आपल्या फाइलमध्ये वर्ग म्हणून टाका.

डाउनलोड्स फोल्डरमधून फाइल उघडणं

ही चूक कोणाला चूक वाटतच नाही. इम्पोर्ट केलेली ऑन्टॉलॉजी आपल्या डिस्कवर कुठे आहे याची नोंद प्रोटेजे त्याच फोल्डरमधल्या 'कॅटलॉग-व्ही००१' नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये ठेवतं. त्यात रिकर्सिव्ह आणि ऑटो-अपडेट दोन्ही 'ट्रू' असले, तर ते आतल्या फोल्डरांसकट सगळीकडच्या ऑन्टॉलॉजी चाळत बसतं. तुमच्या डाउनलोड्समध्ये जीन ऑन्टॉलॉजीच्या तीन आवृत्त्या, सीनियरचा थिसिस आणि आणखी काय काय पडलेलं असतं. मग छोटी फाइलसुद्धा रेंगाळते.

प्रत्येक प्रोजेक्टला वेगळा फोल्डर करा. लागणारे इम्पोर्ट तिथेच उतरवून कॅटलॉगमध्ये त्यांचा पत्ता द्या आणि ऑटो-अपडेट 'फॉल्स' करा. नाहीतर प्रत्येक वेळी प्रोटेजे इम्पोर्ट इंटरनेटवरून ओढायला जाणार, आणि नेट गेलेलं असेल तर उत्तराची वाट बघत बसणार. इंटरनेट आहे तर लोकल कॉपी कशाला, म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री वाय-फाय गेलं की त्यांना आपोआप पटतं.

हीपशी खेळणं

प्रोटेजे जावावर चालतं आणि त्याला वापरता येणारी मेमरी म्हणजे हीप. ८ जीबीच्या लॅपटॉपवर या हीपला ८ जीबी देणारे महाभाग आहेत. मग विंडोज आणि ब्राउझर कुठे राहणार? सगळं डिस्कवर स्वॅप होतं आणि आधीपेक्षाही हळू चालतं. मी एकूण रॅमच्या निम्म्याच्या जरा वर थांबतो. दुसरी गंमत म्हणजे चुकीच्या जागी बदल करणं. प्रोटेजेच्या ५.५ आवृत्तीत विंडोजवर 'रन' बॅच फाइलमध्ये आकडा वाढवायचा आणि सुरू मात्र ईएक्सईने करायचं. ती ईएक्सई वाचते तिची स्वतःची आयएनआय फाइल. ५.६ पासून 'जेव्हीएम डॉट कॉन्फ'मध्ये मॅक्स हीप साइझ बदला.

फॉरमॅट

मोठी फाइल रोज उघडणार असाल तर ती एकदा फंक्शनल सिंटॅक्स या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. आरडीएफ/एक्सएमएल फॉरमॅटमध्ये ट्रिपल्स (तीन भागांची छोटी विधानं) वाचून त्यांतून पुन्हा अ‍ॅक्सिअम, म्हणजे ऑन्टॉलॉजीतली पूर्ण विधानं, जुळवावे लागतात, इथे ते सरळ लिहिलेले असतात. मँचेस्टर सिंटॅक्स वाचायला छान, पण मोठ्या फाइलसाठी नको.

रीझनर

फाइल कधीच लोड झालेली असते आणि लोक हर्मिट या रीझनरच्या कामाला लोडिंग समजून बसतात. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या ऑन्टॉलॉजीसारख्या, साडेतीन लाखांवर संकल्पनांच्या, ईएल प्रोफाइलमधल्या (मोजकेच नियम वापरणाऱ्या) ऑन्टॉलॉजीला एल्क हा रीझनर वापरा. तुमच्या मॉडेलमधलं जे एल्कला पेलत नाही, त्याचा इशारा लॉगमध्ये येतो. तो वाचल्याशिवाय निकालावर विसंबू नका.

डेटा ऑन्टॉलॉजीत कोंबणं

लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव, प्रत्येक लिलाव एक इंडिव्हिज्युअल (एक सुटी नोंद), अशी फाइल कोणी प्रोटेजेत उघडायला गेलं तर ती रडणारच. प्रोटेजे सगळं मेमरीत धरून ठेवतं. मॉडेल, म्हणजे वर्ग आणि गुणधर्म, तिथे बनवा. भावांच्या नोंदी जेना टीडीबीसारख्या ट्रिपल स्टोअरमध्ये, म्हणजे ट्रिपल्स साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, टाका आणि स्पार्कल या क्वेरी भाषेने विचारा. प्रोटेजेत तपासणीपुरत्या दहा-वीस नोंदी पुष्कळ झाल्या.